बाराशे रुपये कशाचे, असं तुम्ही विचारलंत म्हणून

भूतानची सहल नेते म्हटलं की पहिला प्रश्न हाच. हॉटेल वेगळं, गाडी वेगळी, मग माणशी दर रात्री १,२०० रुपये तिथल्या सरकारला कशाचे? त्यातला एक रुपयाही माझ्याकडे येत नाही, हे आधी सांगते. जोडप्याला सहा रात्रींचे १४,४०० होतात, हे मलाही टोचतं.

पण २०२० पर्यंत आपल्याला काहीच द्यावं लागत नव्हतं. युरोप-अमेरिकेच्या पाहुण्याला मात्र दिवसाला किमान २००-२५० डॉलरचं पॅकेज घ्यावंच लागे, त्यातले ६५ सरकारचे. २०१९ मध्ये तीन लाखांहून जास्त पर्यटक आले, बहुतेक भारतीय. अख्ख्या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत.

त्याच वर्षीचा ऑक्टोबर. दोचुला खिंडीत १०८ छोर्तेन, म्हणजे छोटे बौद्ध स्तूप आहेत. आसाम-बंगालकडच्या बंडखोरांनी भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते, डिसेंबर २००३ मध्ये ते उठवताना पडलेल्या सैनिकांची ती स्मारकं. भारतातल्या बंडखोरांशी लढताना गेलेली भूतानची मुलं. महाराष्ट्रातला एक मोटरसायकलस्वार शिडी लावून त्यातल्या एकावर चढला, फोटो काढून घेतला. पुढे पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. मी तेव्हा ग्रुप घेऊन पारोला होते. नाश्त्याला आमच्या गाईडनं फोन पुढे केला. "दीदी, ये आपके उधर का है ना?" मी हो म्हटलं. तो काही न बोलता बॅगा गाडीत चढवायला गेला. दोचुलाला उतरलो तर नेहमी भरभरून बोलणारा हा माणूस गाडीपाशीच थांबला. आमच्यातल्या एका काकूंनी जाऊन त्याला हात जोडले. "आप मत कीजिए," म्हणाला आणि त्याचा गळा भरून आला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

नंतर बरेच दिवस मी लोकांना ठणकावून सांगायचे, म्हणूनच फी हवी. आता तसं म्हणवत नाही. त्या मोटरसायकलस्वारानं १,२०० सुद्धा भरले असते. पैशानं अदब येत नाही, उलट पैसे भरलेत म्हणून गुर्मी चढलेलेही मी पाहिलेत. फीनं गर्दी आवरते, एवढंच. आणि ते थोडं नाही. तिथे शाळा आणि औषधपाणी सरकार फुकट देतं, ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायची असं राज्यघटनेतच आहे. या सगळ्याला पैसा लागतो. पाहुण्यांनी त्यातला वाटा उचलू नये का?

तरी सगळं सुरळीत झालं असंही नाही. कोविडनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडली, तेव्हा आपली फी १,२००च राहिली, पण इतरांची ६५ वरून थेट २०० डॉलर. हॉटेलं ओस पडली. वर्षभरात सरकारलाच ती १०० वर आणावी लागली. तोवर आमचा तो गाईड कामाअभावी पर्थला निघून गेला होता. फी चूक होती का, असं मी त्याला फोनवर विचारलं. "फी रहनी चाहिए," म्हणाला. परत येशील का, यावर काही बोलला नाही.

मागच्या वर्षी साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्यानं १४,४०० चा हिशेब ऐकून बुकिंग रद्द केलं. माझ्या ग्रुपमध्ये मला अशीच माणसं हवी असतात. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. पण फी काढून टाका, असं मी कुणाच्याही दबावाखाली म्हणणार नाही.