हिरोगावाचं मस्टर

दुभाष्याच्या कामात सगळ्यात जास्त दमवतात ते आकडे. जपानी माणूस दहा हजारांच्या हिशेबात मोजतो, आपण लाखांच्या, आणि बोलणारा मध्ये थांबत नाही. म्हणून मी वहीत आकडा आधी टिपते, वाक्य मागाहून. वाकायामा प्रांतातल्या हिरोगावात टिपलेला ५६,७३६ हा आकडा अजून डोक्यातून जात नाही.

सोबत कोकण किनाऱ्यावर बंधाऱ्यांची कामं केलेले इंजिनिअर होते. आयोजकांनी या गावाला जेमतेम तासभर दिला होता: संग्रहालय, फिल्म, फोटो, की चला बसमध्ये. हे मला दर वेळी खटकतं, कारण तेवढ्यात आगीचीच गोष्ट सांगून होते. २४ डिसेंबर १८५४ ला संध्याकाळी भूकंप झाला, लाटा आल्या. हामागुची गोर्यो या सोया सॉसच्या व्यापाऱ्याने पेंढ्याच्या उडव्या पेटवल्या, म्हणजे काळोखात चाचपडणाऱ्यांना हाचिमान देवळाच्या टेकडीची वाट दिसावी. गोष्टीत तो म्हातारा असतो. प्रत्यक्षात ३४ वर्षांचा होता.

खरं मोठं काम त्यापुढचं. युआसाचं आखात आत येताना निमुळतं होतं, त्यामुळे लाट चढत जाते. १७०७ मध्येही हे गाव असंच उद्ध्वस्त झालं होतं. १८५४ च्या लाटांतही घरं गेली, होड्या गेल्या, माणसं गाव सोडायला निघाली. हामागुचीने पदरच्या पैशाने बंधारा बांधायला घेतला. सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच, तळाशी २० मीटर रुंद, समुद्राच्या अंगाला पाइनची झाडं. चार वर्षं काम चाललं.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ साहेब फोटो सोडून बंधाऱ्याचा उतार चढून-उतरून पाहत होते. ‘ताई, विचारा यांना, मजूर गावचे की बाहेरचे? मस्टर होतं का?’

मी विचारलं आणि गावच्या मार्गदर्शकांचा चेहरा खुलला. मजूर गावचेच, एकूण ५६,७३६ मनुष्यदिवस, मजुरी हामागुचीची.

‘म्हणजे आपली बाहत्तरच्या दुष्काळातली कामं!’ साहेब म्हणाले. ‘आधी घरची चूल पेटली पाहिजे. गाव टिकलं तर बंधाऱ्याला अर्थ.’

इतक्या वेळा हे गाव मी दाखवलं, पण त्याचं मर्म इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मग मार्गदर्शकांनी १९४६ चं सांगितलं. २१ डिसेंबरला पुन्हा त्सुनामी आली. बंधाऱ्याने मागची बहुतेक वस्ती राखली. त्याच्या आडोशाला नसलेल्या भागात मात्र पाणी घुसलं, माणसं दगावली. साहेबांनी लगेच विचारलं, ‘तिथे वस्ती कधी झाली? बंधारा आहे म्हणून लोक निर्धास्त झाले का?’

मी प्रश्न जपानीत पोचवला. मार्गदर्शक बोलायला लागले आणि आयोजकांच्या माणसाने बसकडे बोट दाखवलं. १९०३ पासून दर नोव्हेंबरात मुलं बंधाऱ्यावर माती घालतात, एवढंच कसंबसं सांगून झालं. किनाऱ्यावर भिंती बांधणाऱ्या माणसाला सगळ्यात गरजेचं उत्तर तिथेच अर्धवट राहिलं. पुढच्या गटासाठी हिरोगावाला अर्धा दिवस द्या आणि मार्गदर्शकांना प्रश्न आधी पाठवा, असं मी आयोजकांना लेखी कळवलं आहे. साहेबांचा प्रश्न त्यात पहिला आहे.