२३ किलोंतलं सोलापूर

पोरगं जर्मनीला शिकायला निघालं की सोलापूरच्या घरात वजनकाटा थेट हॉलमध्ये येतो. एका बॅगेला बहुधा २३ किलोंची मर्यादा असते आणि आत्या, मावशी, शेजारच्या काकू या सगळ्यांचं प्रेम त्याच्या दुप्पट भरतं. तूप आणि पेढे आधी बाहेर काढावेत, कारण भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. तेलकट खोबरं पेट घेतं म्हणून विमानतळावरच बॅग उघडायला लावतात. उरलेल्या जागेवर पहिला हक्क कडक भाकरीचा.

पातळ थापून, भाजून, पार वाळवलेल्या या भाकरीत ओलावा उरत नाही, म्हणून ती महिनाभर सहज टिकते. तिच्याच मापाचा स्टीलचा डबा घ्यावा आणि मोकळ्या जागेत नॅपकिन कोंबावेत. तरीही चुरा झालाच तर बिघडलं काय? आमटीत कुस्करूनच खायची आहे.

शेंगा चटणी मात्र एकाच किलोच्या पिशवीत देऊ नये. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि हवा लागली की तेच खवट होतं. पाव किलोची हवाबंद पाकिटं करावीत, एक फोडलं की ते फ्रीजमध्ये ठेवावं. चटणीवर तिथलं साधं, ३.५ टक्के स्निग्धांशाचं दही घेतलं की परीक्षेच्या आठवड्यातलं जेवण निभतं.

ताज्या भाकरीची हौस असेल तर गोष्ट वेगळी. ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं, पण दळून किती महिने झाले देव जाणे. अशा पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, थापायला घेतलं की कडा चिरतात. त्यावर उपाय उकडीचा. वाटीभर पाणी खळखळ उकळलं की वाटीभर पीठ घालून ढवळायचं, गॅस नव्हे, विजेच्या शेगडीचं बटण बंद करायचं, दहा मिनिटं झाकायचं आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. तवा सपाट बुडाचा हवा. आपला खोलगट तवा काचेच्या शेगडीला मधोमध तेवढा टेकतो. मध्ये करपतं, कडा कच्च्या राहतात. शेगडी इंडक्शनची असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटतं का ते इथेच बघावं. ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिथे नुसता शोभेचा. जाळ नसल्यामुळे भाकरी तव्यावरच फुगवायची: वरून पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलटायची, मग फडक्याने कडा दाबत फिरवायची.

आता फोडणी. होस्टेलात धुराचा अलार्म असतो आणि तेलात जळलेली मिरची त्याला आगच वाटते. मिरचीचा खाट सुटला म्हणून बरेच जण घाईने बाहेरच्या पॅसेजचं दार उघडतात. नेमकं तिथे दुसरा अलार्म बसलेला असतो आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. दार बंद, खिडकी उघडी, तेलातून धूर निघायच्या आत मोहरी आणि तिखट पातेलं उतरवल्यावर. एवढं पाळलं तर बंब येत नाही.

चाटी गल्लीतून घेतलेली चादर न्यावी की नाही, यावर घरोघरी दोन पक्ष पडतात. न्यावी, पण थंडीसाठी नव्हे. खोली तापवणाऱ्या रेडिएटरचा आकडा ३ वर ठेवला तरी खोली साधारण २० अंशांवर राहते. खरी कटकट चादर धुतल्यावर होते. जाड सुती चादर पाणी धरून ठेवते, ती खोलीत वाळत घातली की ते सगळं पाणी हवेत येतं आणि गार भिंतीवर दव धरून काळी बुरशी चढते. मग घर सोडताना घरमालक अनामत रकमेतून कापून घेतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हात वाढलेल्याला हे सुचणारच नाही. ड्रायर वापरावा, आणि ऐन हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडावी. दिवसभर फटीएवढी उघडी ठेवली तर भिंत तेवढी गार पडते.

रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा बाजार शनिवारी. आणि खोलीत पाऊल टाकल्याच्या दिवशी आधी टपालपेटीवर पासपोर्टवरचं आडनाव चिकटवावं. तिथे पत्त्यात बहुधा खोलीचा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही की बँकेचं कार्ड आणि पिन आल्या पावली परत.