डावखुऱ्यांचा रकाना

डिसेंबरात बेसबॉल नसतो, पण आमच्या विभागाची खरी धावपळ तेव्हाच असते. अमेरिकेतल्या एका क्लबसाठी मी आकडेमोड करते. त्या आठवड्यात प्रश्न एकच होता. आमचा लेफ्ट फील्डवाला, म्हणजे मैदानात दूर डावीकडे चेंडू अडवणारा, आता पळण्यात मंदावलाय. त्याला पहिल्या बेसवर, म्हणजे चेंडू मारून बॅटर आधी जिथे पळतो त्या टप्प्यावर, आणायचा का?

फील्डिंगची कुठली जागा किती अवघड, याचा एक सर्वपरिचित तक्ता आहे, बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक टॉम टँगो यांच्या कामावर उभा राहिलेला. खेळाडूची किंमत मोजताना 162 सामन्यांच्या हंगामासाठी कॅचरला, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्याला, 12.5 धावा बहाल, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपला 7.5, तिसऱ्या बेसला 2.5. लेफ्ट फील्डच्या 7.5 कापायच्या, पहिल्या बेसच्या 12.5. जो फील्डिंग करतच नाही, त्या डेझिग्नेटेड हिटरच्या 17.5. दहा धावांचा साधारण एक विजय धरतात. म्हणजे बॅटिंग सारखी असली, तरी सरासरी कॅचर आणि हा बसून राहणारा गडी यांच्यात तीन विजयांचं अंतर.

हे आकडे काढायची एक रीत म्हणजे दोन्ही जागी खेळलेले लोक शोधणं. एखादा शॉर्टस्टॉपला तिथल्या सरासरीपेक्षा दोन धावांनी कमी पडतो आणि तिसऱ्या बेसवर तीन धावांनी सरस ठरतो, तर दोन जागांमधला फरक पाच. असे शेकडो खेळाडू घेतले की तक्ता तयार. मी तो आमच्यासाठी नव्याने मांडत होते.

आणि हिशेब जुळेना. तिसऱ्या बेसवरून थेट पहिल्या बेसवर आलेले लोक पाहिले, तर पहिला बेस म्हणजे अगदीच सोपं काम. तेच मी तिसरा बेस ते लेफ्ट फील्ड आणि तिथून पहिला बेस असं वळसा घालून गेले, तर तो लेफ्ट फील्डइतकाच अवघड निघे. दोन रस्ते, गाव एक, आणि अंतर वेगळं! दोन दिवस मी कोडमधली चूक शोधत बसले. चूक नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही इनडोअर मैदानात टाइमपास करत होतो. इनफील्डच्या, म्हणजे बेसजवळच्या जागांच्या, कोचनी मला शॉर्टस्टॉपला उभं केलं. मी डावखुरी. लहानपणी मिरजेत प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून आजीची चापट खाल्लेली. पण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मला कुणी ‘इथे उभी राहू नकोस’ म्हटलं नव्हतं. पॉइंट, कव्हर, मिडविकेट, कुठेही चालायचं.

माझ्या मापाचा, उजव्या हातात घालायचा ग्लव्ह शोधण्यातच पाच मिनिटं गेली. मग सरपटत चेंडू आला. अडवला. पहिला बेस माझ्या डावीकडे, फेकायचं डाव्या हाताने. म्हणजे आधी अख्खं अंग फिरवायचं, मग फेक. पाय एकमेकांत अडकले. कोच हसून म्हणाले, “तोवर पळणारा पोचलासुद्धा. म्हणून तर डावऱ्यांना इथे कुणी ठेवत नाही.”

मी जेवण तसंच टाकून वर पळाले.

‘फेकीचा हात’ हा रकाना माझ्याकडे पहिल्यापासून होता. मी तो कधी उघडलाच नव्हता. दुसरा बेस, तिसरा बेस, शॉर्टस्टॉप, कॅचर, या चार जागा डावखुऱ्यांना जवळपास बंद. डावखुरा बेनी डिस्टेफानो 1989 मध्ये तीन सामन्यांत कॅचर झाला, तर त्याचं आजही कौतुक होतं. डॉन मॅटिंगलीसारखा चपळ हाताचा माणूसही बहुतेक काळ पहिल्या बेसवरच राहिला, कारण डावा होता. म्हणजे पहिल्या बेसची सरासरी नुसत्या थकलेल्यांची नाही. तिथे असेही आहेत, जे उजवे असते तर तिसऱ्या बेसवर शोभले असते. आणि तिसऱ्या बेसवरून आलेल्यांच्या माझ्या यादीत त्यांच्यातला एखादा असणं जवळपास अशक्य होतं. शिवाय त्या यादीतल्यांना सरपटता चेंडू रोजचाच. लेफ्ट फील्डमधून येणाऱ्याला तो पहिल्यापासून शिकायचा.

आमचा खेळाडू उजवा. मी फक्त उजवे वेगळे काढून पुन्हा मोजलं. दोन रस्त्यांमधली फट कमी झाली, बुजली मात्र नाही. अहवालात एक आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा दिला. साहेब म्हणाले, “एकच आकडा हवाय.” मी दिला, आणि शेजारी कंसात लिहिलं: (फक्त उजवे, आणि तेही इनफील्डची सवय असलेले).

कंस त्यांनी खोडला. खेळाडू लेफ्ट फील्डलाच राहिला.