मिरगातला शुक्र

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आल्यापासून शाळेचा एकच दिवस डोळ्यासमोर येतोय, ८ जून २००४. शाळा उघडायला अजून वेळ होता, तरी सरांनी निरोप धाडला, शुक्राचं अधिक्रमण आहे, म्हणजे शुक्र सूर्याच्या बिंबासमोरून जाणार, साडेदहाच्या आत ग्राउंडवर या. सर म्हणजे विज्ञानाचे, आपल्या बॅचला वेगळं सांगायला नको.

मिरग नुकताच निघालेला. घरी दादा बियाणं आणून पावसाची वाट बघत होते आणि मी मनात म्हणत होतो, फक्त आजचा दिवस नको. सरांनी दुर्बीण सुतळीनं स्टुलाला बांधली, एका नळीला झाकण, दुसरीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं. पावणेअकराला भाकरीएवढ्या सूर्याच्या कडेला खाच पडली आणि वीसेक मिनिटांत ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका पूर्ण आत. एप्रिलात संध्याकाळी अंगणातून बघितलेली तीच ती शुक्राची चांदणी!

पोरं जेवायला गेली ती गेलीच. मी पुठ्ठा धरून बसलो, बिंब सारखं सरकायचं, सर स्टूल वळवायचे आणि दर पंधरा मिनिटाला मला पेन्सिलीनं खूण करायला लावायचे. "हात हलवू नको रे बाळा." त्यांनी स्वतःचा डबा उघडलाच नाही. मधेच कडुनिंबाच्या खोडासमोर अंगठा धरून एकेक डोळा मिटायला लावला, अंगठा सरकल्यासारखा दिसतो ना, तसाच लांबलांबच्या दोन गावांहून शुक्र सूर्यावर जरा वेगळ्या जागी दिसतो, त्यावरूनच १७६१ आणि १७६९ ला सूर्याचं अंतर काढलं, पंधरा कोटी किलोमीटरच्या आसपास. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ ल जाँतील त्यासाठी पाँडिचेरीत येऊन थांबला आणि १७६९ ला ऐन वेळी ढग आले, हे सांगताना सरांनी वर आभाळाकडे बघितलं. आमच्याकडेही चारला ढग आलेच, पण साडेचारला उघडलं आणि दाणा बाहेर पडताना बघायला मिळाला.

६ जून २०१२ ला मी हैदराबादला नोकरीत होतो. सूर्य उगवला तोच शुक्राला घेऊन. सरांना फोन लावला, तिकडे आभाळ भरलेलं, मग मीच ठिपका कुठाय ते सांगत राहिलो आणि सर तिकडं कागदावर खुणा करत होते. आता सर नाहीत. ग्राउंडवर पेव्हर ब्लॉक झालेत, कडुनिंबही गेला, मागच्या वेळी बघून फार वाईट वाटलं.

पुढचं शुक्राचं २११७ ला, ते आपल्याला दिसायचं नाही. पण १३ नोव्हेंबर २०३२ ला दुपारी बारानंतर बुधाचं आहे, आपल्याकडून दिसेल, ठिपका खसखशीएवढाच असेल म्हणून दुर्बीण चांगली लागेल, ती मी घेऊन येतो. शनिवार आहे, सकाळची शाळा सुटली तरी लेकरांना थांबवून घ्या, पुठ्ठा धरायला एक जण लागेल.