बारा तालुके, एक गोदाम

आमची पार्सलसेवा म्हणजे तीन गाड्या आणि काकांची वही. गिऱ्हाइकाचा फोन आला की गाडी सुटायची. गोव्याचे तालुके बारा, म्हणजे दोन-दोनांच्या जोड्या ६६. त्यातल्या जमतील तेवढ्या वाटा आम्ही रोज तुडवायचो आणि काणकोणहून गाडी रिकामी परतायची. सगळा माल एका गोदामात आणून तिथून वाटला तर ११ वाटांत भागतं, शिवाय गाडी भरून जाते.

"मग फोंडा घे, मधोमध आहे," काका म्हणाले. मला हिशेब करूनच बघायचं होतं.

तीन आठवड्यांच्या पावत्या एक्सेलमध्ये उतरवल्या. काकांचं अक्षर लावण्यातच चार रात्री गेल्या. अंतर किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजलं, कारण आपल्याकडे नदी आडवी येते. दिवाडी जुन्या गोव्यातून समोर दिसतं, पण फेरीबोटीची वाट बघावीच लागते. शुक्रवार वेगळा काढला, त्या दिवशी म्हापशाचा बाजार सगळा हिशेब उलटापालटा करतो. गोदाम दोन गावांच्या अधेमधे शोधावं का, हा प्रश्न मात्र सुटलेलाच होता. मिनिटं गुणिले पार्सलं ही बेरीज कमीत कमी करायची तर रस्त्यांच्या जाळ्याच्या गाठी, म्हणजे इथे गावंच, तपासली की पुरे, हे संशोधक हकिमी यांनी १९६४ मध्येच सिद्ध केलंय. म्हणून बारा तालुक्यांची बारा मुख्य गावं धरली, बारा बेरजा केल्या. फोंडा पहिलं आलं, पण थोडक्यात.

पहिल्याच आठवड्यात म्हापशाच्या एका दुकानदाराचा फोन. "पणजीचं पार्सल अजून पोचलं नाही? मी चालत नेलं असतं!" खरंच होतं. म्हापसा-पणजी जेमतेम १३ किलोमीटर, आणि त्याचं पार्सल फोंड्याची यात्रा करून येत होतं. सगळं गोदामातूनच गेलं पाहिजे, हा नियम मीच घातला होता. बेरजेत तो तोटा इतरांच्या फायद्याखाली झाकला गेला होता.

मग म्हापसा-पणजी-मडगाव अशी एक गाडी सकाळी थेट लावली. तेवढा माल तिला पुरतो. बाकीचं फोंड्याहून. या तीन गावांमधला माल वगळून बेरजा पुन्हा केल्या, तेव्हा फोंडा चांगलंच पुढे निघालं. "मी काय सांगत होतो?" काका म्हणाले.

आता केपे, सांगे, काणकोणसाठी मडगावात दुसरं गोदाम हवंसं वाटतंय. बारांतून दोन निवडायचे म्हणजे पर्याय पुन्हा ६६. काकांना अजून सांगितलेलं नाही.