वाल सोलायला कोण बसणार? मी मी!

मागच्या सोमवारी आमच्याकडे बिरडं होतं. वाल शनिवारी रात्री भिजत घातलेले, रविवारी निथळून फडक्यात बांधून ठेवले, सोमवारी सकाळी सोडून बघितलं तर मस्त मोड आलेले. संध्याकाळी कोमट पाण्यात टाकून सोलायला बसले तर लेक बाजूला येऊन उभी, मला पण दे मला पण दे. साडेतीन वर्षांची आहे ती.

मग एका ताटलीत मूठभर वाल घातले, एक वाटी डाळिंब्यांना, एक सालांना, आणि तिच्यासमोर तीन वाल अगदी सावकाश सोलले, तोंडाने काही न बोलता. हे न बोलणं महत्त्वाचं आहे बरं का, कारण आपण बोललो की मुलं आपल्या तोंडाकडे बघतात, हातांकडे नाही. वाल अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा, मागून जरा दाबायचा, की डाळिंबी सुळकन निसटते. तिची पहिली डाळिंबी थेट फ्रीजखाली गेली. दुसरी चिरडली. पाचव्या-सहाव्याला बोटांना समजलं किती जोर लावायचा ते, आणि त्यानंतर पंचवीस मिनिटं ही मुलगी एका जागेवरून हलली नाही. ओठ बाहेर काढून, नाकावर आलेले केस मनगटाने मागे सारत, एक वाल उचल, दाब, डाळिंबी या वाटीत, साल त्या वाटीत.

सासूबाई आतून आल्या, म्हणाल्या, "अगं तिला कशाला बसवलंस, आपण दोघी दहा मिनिटांत उरकू की." मी म्हटलं, "असू दे आई, आज घाई नाहीये." त्या थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग स्वतःच पाट घेऊन बसल्या. नातीने लगेच आजीला सांगितलं, "आजी, हळू दाबायचं हं."

काही डाळिंब्यांना साल तशीच राहिली होती. ती मी काढली, पण लेक खेळायला गेल्यावर. तिच्यासमोर तिचं काम परत करायचं नाही हा नियम मी अगदी कटाक्षाने पाळते, कारण मूल एवढं मन लावून काहीतरी करतं आणि आपण लगेच ते नीट करायला घेतो तेव्हा त्याला जे कळायचं ते कळतं, की आपलं काम खोटं होतं.

लेकीला अजून शाळेत घातलेलं नाही, येत्या जूनपर्यंत घरीच. त्यामुळे भेटेल तो विचारतो, मग घरी काय शिकवतेस, एबीसीडी येते का, शंभरपर्यंत अंक झाले का. मी सांगते की आम्ही वाल सोलतो, मेथी निवडतो, पाणी ओततो, रुमालाच्या घड्या घालतो. समोरच्याला वाटतं मी विषय टाळतेय. पण मला मनापासून वाटतं की या वयाचा अभ्यास हाच आहे. ज्या चिमटीने ती वाल धरते त्याच चिमटीने उद्या पेन्सिल धरणार आहे. आणि एक काम सुरू करून संपवायचं, मग आवरायचं, हे कुठल्या वर्कशीटमधून येणार?

यात माझं स्वतःचं डोकं काही नाही. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं तेव्हापासून हात धुणं, झाडणं, ओतणं, गुंड्या लावणं ही कामं त्यांच्या शिक्षणपद्धतीचा पाया आहेत. आपल्याकडे बालवाडीच्या ताई याला जीवन व्यवहार म्हणतात, किती छान शब्द आहे. माँटेसरीबाई 1939 मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या. आणि मला जास्त जवळचं वाटतं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम, आधी डहाणूजवळच्या बोर्डीला आणि मग कोसबाडला. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी महागडी साधनं मागवली नाहीत, दगडगोटे, शंखशिंपले, बिया, पानं, जे आजूबाजूला होतं तेच साधन केलं. म्हणून ऑनलाइन हजारो रुपयांचे लाकडी ट्रे आणि सेट बघून कुणी हिरमुसलं की मला सांगावंसं वाटतं, अगं तुझ्या मांडणीवर सगळं आहे.

ओतण्याचंच घ्या. आम्ही दोन छोट्या स्टीलच्या तांब्यांपासून सुरुवात केली. आधी राजमा, कारण मोठा दाणा सांडला तरी सापडतो आणि आवाज पण येतो. ते जमल्यावर तांदूळ. मग पाणी, आणि तेही अर्धा तांब्याच, म्हणजे सांडून सांडून किती सांडणार. ट्रेमध्ये बाजूला एक छोटं फडकं कायम ठेवलेलं असतं. सांडलं की पुसायचं, वाटीत पिळायचं, परत पुसायचं. खरं सांगायचं तर तिला ओतण्यापेक्षा पिळणंच जास्त आवडतं, दोन्ही मनगटं उलटसुलट फिरवायची आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहायचं. आता जेवताना पाण्याचे ग्लास तीच भरते.

वस्तू मात्र खऱ्या द्या, फक्त छोट्या. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या सुरीने काहीच कापलं जात नाही आणि मूल पाच मिनिटांत कंटाळतं. बटर लावायच्या सुरीने केळं छान कापता येतं, उकडलेला बटाटा पण. छोटं पोळपाट-लाटणं जत्रेत मिळतं, आणि केरसुणीचा दांडा मी सरळ कापून तिच्या उंचीचा केला.

काळजी घ्यायची ती घ्यायचीच. दाणे, वाल, राजमा असलं काही असताना मी तिच्याजवळून उठत नाही, फोन आला तरी. तीनच्या आतली मुलं पटकन तोंडात नाहीतर नाकात घालतात, त्यांना भाजी निवडायला द्यावी, कणकेचा गोळा द्यावा, स्पंजने टेबल पुसायला द्यावं. वाल कच्चे खायचे नाहीत हे तिला आधीच सांगितलं होतं. आणि विळी आमच्याकडे वरच्या फळीवरच असते.

माझी एक मैत्रीण म्हणाली, तुला वेळ आहे गं, आम्ही सकाळी डबे करायचे की हे करायचं. तर मी पण सकाळी करत नाही. डब्याच्या घाईत एकदा तिला पोळी लाटायला घेतलं होतं आणि उशीर होतोय म्हणून मीच तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं, आणि तिचा चेहरा जो पडला तो मला अजून आठवतो. त्यापेक्षा सकाळी सरळ नाही म्हणावं. संध्याकाळी चहानंतर अर्धा तास, नाहीतर रविवारी, दिवसाला एकच काम, आणि तिला तेच काम चार दिवस करायचं असेल तर चारही दिवस तेच.

आता तिने रवी मागितलीय. दही विरजलंय. उद्या खोल पातेलं घेणार, अर्ध्याच्या खालीच भरणार, आणि खाली ओलं फडकं ठेवणार म्हणजे पातेलं सरकायचं नाही.