लेक फोर्कला छोटी बोट घेऊन जाणार असाल तर

‘बॅटरी दिवसभर पुरते’ असं बोट भाड्याने देणाऱ्या माणसाने मला फोनवर दोनदा सांगितलं होतं. ती साडेअकराला संपली. तेव्हा आम्ही धक्क्यापासून जवळपास दोन मैल लांब होतो, दक्षिणेचा वारा तोंडावर होता आणि बोटीखाली बुडालेलं जंगल होतं. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ‘झाडं फक्त काठाला आहेत.’ तीही खोटी निघाली. डॅलसकडची बरीच मराठी मंडळी मार्च-एप्रिलमध्ये बास नावाचा मासा गरवायला तिकडे जायचं म्हणतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. पोहता येतं, रॉड कसा फेकायचा ते ठाऊक आहे आणि उन्हात आठ तास बसायची तयारी आहे, असं धरून चालतो.

लेक फोर्क हे टेक्सासातलं तळं डॅलसच्या पूर्वेला साधारण दीड तासावर आहे. विस्तार सुमारे २७,००० एकर. १९८० मध्ये धरण बांधून पूर्ण झालं तेव्हा आतली झाडं मुद्दाम बरीचशी तशीच उभी ठेवली, कारण बासला आडोसा लागतो. त्याचं फळही मिळालं: टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये याच तळ्यात लागला. पण आज ते लाकूड चाळीसेक वर्षं पाण्यात आहे. पाण्याबाहेरचे शेंडे मोडून पडलेत आणि बुंधे पाण्याखाली वीतभर, हातभर लपलेत. दिसणाऱ्या झाडाची भीती नाही. जे दिसत नाही ते बोट अडकवतं.

आमची बोट १४ फुटी, ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची. मागे ५५ पौंड जोराने ढकलणारी इलेक्ट्रिक मोटर, खाली १०० अँपियर-तासाची साधी लेड-ॲसिड बॅटरी. हिशोब मी घरी मांडायला हवा होता, तो आता मांडतो. ही मोटर पूर्ण वेगात जवळपास ५० अँपियर ओढते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं आणि जोरही पडतो. म्हणजे हाताशी ५० अँपियर-तास, पूर्ण वेगात एक तास. हा दिवसभराचा हिशोब नव्हे. तळ्याच्या बाजूला गेलेल्या आडव्या फाट्यात, बिनवाऱ्याच्या पाण्यात, हळूहळू काठाने सरकत गेलात तर हीच बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल. मोकळं पाणी ओलांडायचं असेल तर नाही.

आणि आम्ही सकाळी वाऱ्याबरोबर गेलो. पूर्व टेक्सासात वसंतात दक्षिणेचा वारा दुपारकडे वाढत जातो. सात वाजता पाठीवर झुळूक होती, बोट आपोआप पळत होती, मेहुणा म्हणाला, ‘भावोजी, अजून थोडं पुढे जाऊ, तिकडे झाडं दाट दिसतात.’ गेलो. परतताना तीच झुळूक फूटभर लाटांची झाली होती. नियम एकच, पाठ करा: छोटी बोट असेल तर सकाळी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. मालवणला आमचे काका होडी काढताना आधी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी त्या सकाळी मी ते केलं नाही.

१५४ नंबरच्या रस्त्यावरच्या पुलाच्या अलीकडचा तो पट्टा माझ्या डोक्यातून जात नाही. मोटर मंदावली तसा खाली ‘खट्’ असा आवाज आला आणि पंखा फिरायचा थांबला. बुंध्यावर आपटून पंख्याची पिन तुटली होती. ही एक बारीक धातूची काडी असते, पंखा अडकला तर मोटर जळू नये म्हणून तीच आधी तुटते. नवी पिन दोन मिनिटांत बसते, पक्कड असली तर. आमच्याकडे पिनही नव्हती, पक्कडही नव्हती, आणि बोटीत वल्हं एकच. मग वाऱ्याने बोट आडवी केली आणि एका बुंध्यावर चढवली. सपाट बुडाची बोट बुंध्यावर टेकली की ती त्याच्याभोवती गरगर फिरते, लाट बाजूने आत येते. एकाच बाजूला दोघं झुकलो असतो तर उलटलीच असती. मी मेहुण्याला मधे खाली बसवलं आणि वल्ह्याने बुंधा ढकलत राहिलो. वीस मिनिटं गेली असतील, दोन तास वाटले. लाइफ जॅकेट अंगात होती म्हणून हे शांतपणे लिहू शकतोय. जॅकेट सीटखाली ठेवायची वस्तू नाही. कायदा १३ वर्षांखालच्या मुलांनाच ते घालायची सक्ती करतो, तुम्ही सगळ्यांनीच घाला, अगदी उकडत असलं तरी.

शेवटी एका मोठ्या बोटीतल्या आजोबांनी दोर टाकला आणि आम्हाला ओढत नेलं. त्यांनीच दाखवलं की मधूनमधून झाडं कापून मोकळ्या केलेल्या बोटींच्या वाटा आहेत आणि त्या तळ्याच्या नकाशावर दिलेल्या असतात. नकाशा आदल्या रात्री फोनवर उतरवून घ्या. वाट सोडली की चालण्याच्या वेगाने जा, एकाने पुढे बसून पाण्याकडे बघत राहा.

आता पैशांचं. परत आल्यावर पंख्याच्या एका पात्याला चरा दाखवून आमच्याकडून १८० डॉलर घेतले. तसा पंखा बाजारात ४० डॉलरच्या आत मिळतो. चरा आधीपासून होता की आमचा, हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून ताब्यात घेण्याआधी पंखा, बूड आणि बॅटरी यांचा व्हिडिओ काढा, मालकासमोर. कशाचे किती कापणार ते लिहून मागा. आणि बोट हलण्याआधी बॅटरीला व्होल्टमीटर लावा: भरलेली लेड-ॲसिड १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. मीटर पंधरा-वीस डॉलरला येतो. मालक ‘कशाला हवंय’ म्हणाला तर दुसरीकडे जा.

बोटीवर कमाल वजनाची पाटी असते, तीही वाचा. त्यात माणसं, मोटर, बॅटरी, बर्फाची पेटी सगळं धरायचं असतं. १२ फुटीत दोन धिप्पाड माणसं आणि दोन बॅटऱ्या घेऊन मोकळ्या पाण्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलची मोटर घेतलीत तर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलीच पाहिजे. २६ फुटांखालच्या, ३ अश्वशक्ती किंवा जास्त मोटरच्या बोटींना अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून ते बंधनकारक आहे. स्वतःच्या कयाकला छोटी इलेक्ट्रिक मोटर लावणार असाल तर टेक्सासात तिचीही नोंदणी करावी लागते. नुसत्या वल्ह्याच्या कयाकला नाही.

गरवायच्या दोरीबद्दलही माझी दिशाभूल झाली. दुकानात १२ पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) फ्लुओरोकार्बन, एक प्रकारची प्लॅस्टिकची दोरी, गळ्यात मारली, ‘पाण्यात दिसत नाही, बासला हीच लागते’ म्हणून. पाण्यात कमी दिसते हे खरं. पण लाकडावर दोन-चार वेळा घासली की तिच्यावर खरवडे पडतात आणि ऐन झटक्याला ती तुटते. पहिल्या दिवशी माझे दोन मासे असेच गेले, एक तर बोटीजवळून. मेहुण्याकडे ५० पौंडी विणलेली दोरी होती. ताकदीला उत्तम, पण ताणत नाही, आणि भिजून मऊ झालेल्या लाकडात करवतीसारखी शिरून बसते. तीन वेळा कापावी लागली. अडकलेली विणलेली दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, हाताचं बोट चिरतं. एखाद्या काठीला गुंडाळून ओढा.

माझा निकाल: बुडालेल्या झाडांत २० पौंडी फ्लुओरोकार्बन, सात फुटी मध्यम-जड रॉडवर. शेवाळ आणि पाणवनस्पतीत ५० पौंडी विणलेली. साधा नायलॉनचा तंगूस पाण्यावर तरंगतो, म्हणून तो पृष्ठभागावर उड्या मारणाऱ्या आमिषाला चांगला. फ्लुओरोकार्बन बुडतो आणि त्या आमिषाचं नाक खाली ओढतो. बाकी प्रकारांच्या मागे लागू नका. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा, फ्लुओरोकार्बन कोरडा ओढला तर घर्षणाने तिथेच कमजोर होतो. दर मासा सोडल्यावर दोरीचे शेवटचे दोन-तीन फूट हाताच्या बोटांतून फिरवा. खरबरीत लागलं की कापा आणि पुन्हा बांधा. गरी बांधायची पालोमार गाठ अंधारातही बांधता येईल इतकी घरी करून बघा.

आमिषांची पेटी भरून नेली होती, चालली एकच गोष्ट: टेक्सास रिग. पाव औंसाचं टोकदार वजन, ३/० मापाची वाकडी गरी, प्लॅस्टिकचा गडद रंगाचा किडा, गरीचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं. त्यामुळे ती झाडांत कमी अडकते. बुंध्याच्या सावलीच्या बाजूला सोडायची, तळाला जाऊ द्यायची आणि दोरीकडे बघत राहायचं. पुष्कळदा झटका बसतच नाही, दोरी नुसती बाजूला सरकते.

परवाना १७ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला लागतो. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या हातात ‘जरा धरून बघा’ म्हणून रॉड दिलात तरी तो लागतो. एका दिवसाचा परवाना मिळतो, तोच काढा. मापाचा नियमही आधी वाचा: लेक फोर्कमध्ये १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो. घरी कालवण करायच्या आशेने जात असाल तर हे तळं तुमचं नाही. चवीत जिताड्याची अपेक्षा तर नकोच. इंग्रजीत दोघांनाही बास म्हणतात, पण हा गोड्या पाण्यातला सनफिशच्या कुळातला आहे.

दुसरा दिवस आडव्या फाट्यात निवांत गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे, धक्क्यापासून दोनशे यार्डांवर, ज्या झाडाकडे आम्ही पहिल्या दिवशी बघितलंही नव्हतं, तिथे माझी दोरी बाजूला सरकली. २० पौंडी दोरी होती म्हणून ओढून काढता आला. एकवीस इंच, पोटाने जाड, पाच पौंडांच्या पुढचा. हात थरथरत होते. ओल्या हाताने धरला, पट्टीवर ठेवला, फोटो काढला आणि सोडला. तो क्षणभर बोटीच्या सावलीत थांबून मग गेला. त्यानंतर तीन रात्री मला झोप लागली नाही.

ऑक्टोबरात पुन्हा जातोय. बोट भाड्याचीच, बॅटरी माझी स्वतःची लिथियमची, दोन वल्ही, पक्कड, चार पिना आणि एक जादा पंखा. धक्क्यावरून निघताना बोटीतलं आणि पेट्यांतलं पाणी तिथेच काढून टाका, टेक्सासात तो कायदा आहे आणि तपासणीही होते.